अण्णांना दिसलेला काळा पतंग

आमच्या कारखान्यात सध्या कुठल्या रंगाचा काठ चालू आहे, हे कळायला डिझाइन खात्यात जावं लागत नसे. अण्णा पेठकरांच्या नाकाचा शेंडा बघितला की भागायचं. शेंडा हिरवा असला की पोपट चालू, जांभळा असला की वेलबुट्टी, आणि लाल झाला की लग्नसराई जवळ आली असं समजावं.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. साठच्या दशकात नाशिक सोडून मी सुरतेला साड्यांच्या कारखान्यात पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून लागलो. शहराला नवा आणि साडीला त्याहून नवा. पहिल्याच दिवशी जिन्यात निळ्या नाकाचे एक गृहस्थ समोर आले. नाक, ओठ निळे पडले की माणसाचा श्वास अडकलेला असतो, एवढं वैद्यकीय ज्ञान मला कुठूनतरी मिळालेलं होतं. मी त्यांना दंडाला धरून पायरीवर बसवलं, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि पाण्यासाठी आरडाओरडा केला. ते शांतपणे बसले, पाणी प्याले, मग म्हणाले, "पाणी चांगलं गार आहे. तुम्ही नवीन कारकून का?"

डिझाइन खातं दारात गोळा होऊन बघत होतं. पुढे कितीतरी दिवस कारखान्यात मला 'डॉक्टर' म्हणत.

त्या नाकाचं कारण असं. साडीचा काठ मागावर चढण्याआधी कागदावर उतरवावा लागतो. बारीक बारीक चौकटींचा कागद असतो आणि एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. पोपटाची चोच वाकडी हवी तर कुठली चौकट भरायची, कुठली कोरी सोडायची, हे ठरवत ठरवत तो ब्रशने रंगवायचा. हे काम अण्णांचं. अण्णांच्या चष्म्याचा नंबर उणे अठराच्या आसपास होता. काचा कडेला इतक्या जाड की फ्रेमबाहेर डोकावायच्या, आणि त्यातून बघितलं तर अण्णांचे डोळे विहिरीच्या तळाशी ठेवल्यासारखे एवढेएवढेसे दिसत. पण कामाला बसले की ते चष्मा काढून डोक्यावर चढवत आणि नाक कागदाला टेकवत. चार बोटांच्या आतलं जग त्यांना उघड्या डोळ्यांनी जेवढं स्वच्छ दिसे, तेवढं आम्हाला भिंग घेऊनही दिसत नसे. "लोकांना देव दुर्बीण देतो," ते म्हणत, "मला भिंग दिलं. तक्रार कशाला करू?"

लांबची माणसं त्यांना चष्मा लावूनही जेमतेमच दिसत. म्हणून ते चालीवरून ओळखत. शेठ चालताना जमीन स्वतःची असल्यासारखे चालतात, ती बऱ्याच अंशी होतीही. माझ्याबद्दल त्यांचं मत होतं, "तुम्ही जिना चढताना प्रत्येक पायरीची माफी मागता."

मी कतारगामात त्यांच्याच माळ्यावर भाड्याची खोली घेतली आणि जेवायला बहुतेक त्यांच्याकडेच पडीक असायचो. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, जळगावच्या. त्यांची शेवभाजी खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्याला काकू माझा भावुक स्वभाव म्हणायच्या. एकदा कारखान्यातल्या कुणाच्या तरी मुलाचं लग्न होतं. काकू सकाळीच पुढे गेल्या होत्या. दुपारी अण्णा आणि मी निघालो. एकाच गल्लीत दोन मांडव. अण्णांना वाटलं मला दिसतंय म्हणजे मला माहीत असणार, मला वाटलं अण्णा सुरतेतले जुने म्हणजे त्यांना माहीत असणार. आम्ही एकमेकांच्या मागून एका मांडवात शिरलो, पोटभर जेवलो, नवरदेवाच्या हातात स्टीलचा डबा देऊन आशीर्वादही दिला. बाहेर पडलो तर काकू समोरच्या मांडवाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. अण्णा म्हणाले, "लांबून सगळे नवरदेव सारखेच दिसतात." आणि थोडं थांबून, "जवळूनसुद्धा."

अशी दहा-एक वर्षं मजेत गेली. मग एक दिवस अण्णांनी चौकटींच्या कागदांचा गठ्ठा दुकानदाराला परत करायचं ठरवलं. रेघा वाकड्या छापल्यात, मधोमध पोट सुटल्यासारख्या फुगल्यात, असं त्यांचं म्हणणं. साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. भागळमधल्या त्या दुकानदाराने कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मोटाभाई, लाइन तो सीधी छे." मलाही रेघा सरळच दिसत होत्या. पण मित्रासाठी भांडायला आलेल्या माणसाने डोळ्यांवर विसंबून कसं चालेल? मी माझ्या मोडक्या गुजरातीत भाषणच ठोकलं. आंधळ्यालासुद्धा कळेल की ही रेघ वाकडी आहे, असंही एक वाक्य त्यात होतं. दुकानदाराने स्टीलची पट्टी रेघेवर ठेवली. रेघ पट्टीला चिकटून सरळ गेली होती. मी म्हणालो, "मग पट्टी वाकडी असेल."

अण्णांनी चष्मा वर केला, कागद नाकाशी धरला, एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं.

"उजव्याने सरळ आहेत," ते म्हणाले. "डाव्याने वाकड्या."

दुकानदाराने पट्टी काढून घेतली आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

डोळ्यांचे डॉक्टर गुजराती, पण मुंबईत शिकलेले, त्यामुळे मराठी बऱ्यापैकी बोलायचे. थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून त्यांनी बराच वेळ आत बघितलं. बाहेर आल्यावर काकूंसकट आम्हा तिघांना समोर बसवलं. साधा डोळा चेंडूसारखा गोल असतो, म्हणाले, अण्णांचा अंड्यासारखा लांब झालाय. मोठ्या नंबरवाल्यांचं असंच होतं. डोळा लांबतो, पण आतला पडदा तेवढाच असतो, तो ताणला जातो. डाव्या डोळ्यात पडद्याच्या ऐन मध्यावर रक्त येऊन डाग धरलाय, त्याला आता औषध नाही. उजव्याचा मध्य ठीक आहे, काम त्याच्यावर चालेल. पण कडेकडेने पडदा विरून जाळी पडलीय.

"तुम्ही साडीवाले. कापड ताणलं तर आधी कुठं जाईल, सांगा," डॉक्टर म्हणाले.

"काठाला," अण्णा म्हणाले.

जड उचलायचं नाही, डोक्याला दणका बसू द्यायचा नाही. अण्णांना डोळ्यांपुढे काळे ठिपके कायमच तरंगताना दिसत, त्यांना ते 'माझे पाळीव डास' म्हणत. डॉक्टर म्हणाले, जुने डास राहू द्या. पण एखाद दिवशी नवीन काही आलं, किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, उठून यायचं. पडदा फाटला तर सुटत जातो, आणि मध्यापर्यंत सुटला की हा डोळाही गेला.

काकूंनी ते सगळं स्तोत्रासारखं पाठ केलं. अण्णा आणि मी खाली रस्त्यावर येताच विसरलो, कारण कोपऱ्यावर गरम लोचो, ढोकळ्याचा तो सुरती भाऊ, निघत होता.

सुरतेत संक्रांतीला कुणी जमिनीवर नसतं. अख्खं गाव गच्चीवर, तिथल्या भाषेत अगाशीवर. मी दर वर्षी पतंग उडवायचो आणि दर वर्षी तो आभाळात कमी व तारांत जास्त असायचा. अण्णा माझी फिरकी धरायचे. पतंग त्यांना दिसत नसत, पण दोराच्या ताणावरून तो कुठे आहे ते बरोब्बर सांगत.

त्या संक्रांतीला मात्र ते एकदम म्हणाले, "तो काळा बघा. मघापासून एकटाच आहे. काटा त्याला."

मी बघितलं. तिथे आभाळाशिवाय काही नव्हतं. पण उणे अठरावाल्याला दिसतो आणि मला दिसत नाही, हे चारचौघांत कबूल कसं करायचं? मी म्हणालो, "दिसला."

आणि मी लढाई सुरू केली. अण्णा सांगायचे, आता खाली आला, आता उजवीकडे गेला. मी ढील द्यायचो, खेचायचो, गोते मारायचो. "लेकाचा मी बघीन तिकडे येतोय," अण्णा म्हणायचे. शेजारच्या अगाशीवरचे लोकही मदतीला धावले. "पेलो काळो! जो, जो!" करून एक जाडे गृहस्थ नक्की बोट दाखवत होते. त्यांना काय दिसत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. या धामधुमीत माझा पतंग कुणीतरी भलत्यानेच कापला आणि चारी बाजूंनी थाळ्या वाजल्या.

काकू तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन वर आल्या. कसला गोंधळ म्हणून विचारलं. मी काळ्या पतंगाचं रसभरीत वर्णन केलं, त्याची शेपटीसुद्धा सांगितली. अण्णा दाखवायला म्हणून काकूंकडे वळले आणि त्यांचं बोट हवेतच राहिलं.

"अहो, कुठं आहे तो?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या साडीवर," अण्णा म्हणाले.

काकूंनी ताट खाली ठेवलं. "आणि वीज?"

"कोपऱ्यात चमकतेय. मला वाटलं कुणी आरसा मारतंय."

"फिरकी त्यांच्याकडे द्या. उतरा खाली. हळू."

डॉक्टरही अर्थात अगाशीवरच होते. मांजाने चिरू नयेत म्हणून बोटांना पट्ट्या चिकटवलेल्या. काकूंनी खालूनच "वीज" एवढा एक शब्द उच्चारला आणि त्यांनी चढलेला पतंग तसाच शेजाऱ्याच्या हातात दिला. तपासून म्हणाले, पडदा वरच्या बाजूला फाटलाय आणि सुटायला लागलाय. मध्यापर्यंत अजून पोचलेला नाही. पोचायच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी, आणि ती मुंबईत. तोवर पाठीवर सपाट झोपायचं, मान हलवायची नाही. आजच्या गाडीने निघा.

आता सपाट झोपलेला माणूस स्टेशनवर न्यायचा कसा? रिक्षावाले अगाशीवर आणि रिक्षात हाडं खिळखिळी होतात ती वेगळीच. मी धावत कारखान्यात गेलो. तिथे आवारात राहणारा बुधा हमाल तेवढा भेटला. हा शिरपूरकडचा, साड्यांचे गठ्ठे हातगाडीवरून बाजारात नेणारा. त्याने गाडीवर गोणपाट, त्यावर बांधायच्या कापडाच्या घड्या असं जाड अंथरूण केलं, अण्णांना त्यावर निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाचे गठ्ठे लावले. काकू पिशवी घेऊन बाजूने चालू लागल्या. रस्त्यावर आडवा आलेला मांजा उचलायला आणि खड्डे दाखवायला मी हातात बांबू घेऊन पुढे.

वर सगळं गाव ओरडतंय, कटलेले पतंग गिरक्या घेत खाली येतायत आणि खालून आमची ही मिरवणूक. मांजा बघायचा म्हणून मी मान वर करून चालत होतो, त्यामुळे पहिला खड्डा मला गाडीच्या आधी सापडला. मी त्यात आडवाच झालो.

बुधा आपल्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, तुम्ही मांगे या. मी बठ्ठा खड्डा वळखस." सगळे खड्डे त्याच्या रोजच्या ओळखीचे होते.

मिटल्या डोळ्यांनी अण्णा म्हणाले, "पडले वाटतं. मला हसायची परवानगी आहे का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

बुधाने ती गाडी कशी नेली, ते सांगता येत नाही. कपात काठोकाठ दूध असतं तर सांडलं नसतं.

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. डोळ्याला बाहेरून एक पट्टा आवळून बांधला, म्हणजे डोळ्याची भिंतच आत दाबली जाऊन सुटलेल्या पडद्याला टेकेल, आणि फाटलेली जागा गारठवून चिकटवली. एवढंच मला कळलं. मग दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. दिवसा काकूंना विश्रांती मिळावी म्हणून मी बसायचो. पहिल्याच दिवशी सिस्टरने मला बाहेर बोलावून बजावलं की पेशंटला हसवायचं नाही. त्यांना कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. मी आत जाऊन गंभीर चेहऱ्याने बसलो. अण्णा म्हणाले, "तुम्ही गंभीर बसलात ना? मला इथून ऐकू येतंय." आणि त्यांचे ओठ थरथरायला लागले. मी उठून व्हरांड्यात पळालो.

पडदा बसला की नाही, हे पट्टी निघेपर्यंत कळणार नव्हतं. आम्ही त्याविषयी बोलत नसू. अण्णा एकदाच बोलले. "जगाचं मला काही नाही हो. ते मला आधीही फारसं दिसत नव्हतं. पण कागद दिसला नाही, तर दिवसभर मी नाक कुठं ठेवू?"

 मी चौकटींचा कागद आणला आणि म्हणालो, सांगा, मी भरतो. अण्णा खुलले. डोळे बांधलेले, डोकं वाळूत रुतलेलं, आणि ते छताकडे तोंड करून मोर सांगू लागले. दोन भरा, तीन सोडा. खालच्या ओळीत एक डावीकडे सरका. सगळा मोर त्यांच्या डोक्यात उभा होता. मी भरत गेलो. मान जमली असं मला वाटलं. पिसाऱ्याशी माझी एक ओळ चुकली, मग ती सावरायला दुसरी चुकवली. शेवटी कागदावर जे उभं राहिलं, त्याचं नाव मला ठरवता येईना. अण्णांनी विचारलं, कसा झालाय? मी म्हणालो, फक्कड.

पट्टी काढायचा दिवस आला. काकू खाटेच्या पायाशी उभ्या राहिल्या, मुंबईचे डॉक्टर खाटेजवळ बसले. पट्टी उचलल्यावर अण्णा बराच वेळ डोळ्यांची उघडझाप करत राहिले. डॉक्टरांनी बोटं दाखवून किती ते विचारलं. अण्णा म्हणाले, "बोटं आहेत. किती ते तुम्हाला जास्त चांगलं माहीत." डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. काकूंनी खाटेचा गज धरला. अण्णांनी हात पुढे केला.

"कागद द्या. मोराचा."

मी दिला. त्यांनी तो नाकाला लावला, तिथून आणखी जवळ, जवळजवळ पापणीला टेकवला. हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवला. 

"ही घार आहे," अण्णा म्हणाले. "आणि गरोदर आहे."

काकू मटकन स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्या हसताहसता रडायला कधी लागल्या ते कळलं नाही. हसायची बंदी आहे याची आठवण त्या दिवशी सिस्टरनेही कुणाला दिली नाही.

पट्ट्याने डोळा आणखी लांबला आणि नंबर आणखी वाढला. पण अण्णा कामावर आले. चौकटी जरा मोठ्या छापून घेतल्या आणि आणखी काही वर्षं काठ काढले. मागे कुणी चालत गेलं तर आता चालीबरोबर स्वभावही सांगू लागले होते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला उजव्या डोळ्यातही मधोमध रेघा फुगायला लागल्या. ह्या खेपेला आम्ही दुकानदाराकडे गेलो नाही. डॉक्टरांनी आत बघितलं, बघत राहिले, आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. हळूहळू मधला भाग पुसट होत होत गेला. अण्णांनी काम सोडलं. शिकाऊ पोरांचे कागद बोटांनी चाचपून त्यांना शिव्या द्यायला मात्र ते आठवड्यातून एकदा येत, आणि शिव्या बहुतेक बरोबर जागी पडत.

त्या काळात अण्णांविषयी एक गैरसमज पसरला, की म्हातारा शिष्ट झाला. कारण समोर कुणी आलं की अण्णा तोंड फिरवत. खरी गोष्ट अशी होती की पडद्याचा मध्य गेलेला, कडा शाबूत होत्या. सरळ बघितलं की समोरच्या माणसाच्या जागी धुरकट डाग. थोडं बाजूला बघितलं की तोच माणूस डोळ्याच्या कोपऱ्यात उभा राहायचा. ज्याला बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, ही युक्ती त्यांची त्यांनीच शोधली होती. ती ते कुणाला समजावून सांगत बसले नाहीत.

मला नाशिकला नोकरी मिळाली आणि मी सुरत सोडली. स्टेशनवर अण्णा आणि काकू आले होते. नको म्हणत होतो, पण काकूंनी वाटेत खायला दशम्या आणल्या होत्या आणि अण्णा त्या दशम्यांबरोबर आले.  नाशिकला जिने चढताना पायऱ्यांची माफी मागत जाऊ नका, एवढं अण्णांनी सांगितलं.

गाडी हलली. मी खिडकीतून बघितलं. काकू माझ्याकडे बघत पदर सावरत होत्या. अण्णा त्यांच्या शेजारी, मान पार वळवून चहाच्या गाड्याकडे तोंड करून उभे.

समोरच्या बाकावरचे गृहस्थ हळूच म्हणाले, "वडील का? रागावलेले दिसतात. बघतसुद्धा नाहीत तुमच्याकडे."

मी उजवा हात बाहेर काढून हलवला. चहाच्या गाड्याकडे बघत अण्णांनी हात वर केला. मी उगाच तो हात आत घेऊन डावा काढला.

अण्णांनीही हात बदलला.